लस वाडीवर चढली पाहिजे



ज्यांच्या स्मरणार्थ हे वाचनालय ही व्याख्यानमाला चालवते, त्या बाई या भागात आरोग्यसेविका होत्या. सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. मी वैद्यकीय अधिकारी म्हणून इथे रुजू झालो तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला एक वही दाखवली. दोनशेपानी, खाकी कागदाचे कव्हर घातलेली. टोचलेल्या मुलांची नावे सरकारी रजिस्टरात असायची. या वहीत होती ती राहिलेल्यांची नावे. प्रत्येक नावापुढे कारण लिहिलेले : आई माहेरी गेली, ओढ्याला पाणी होते, अंगात ताप, आजी नको म्हणाली. आणि शेवटचा रकाना होता, ‘परत कधी’. बाई म्हणाल्या, “साहेब, झालेल्यांची नोंद सरकारला लागते. राहिलेल्यांची मला लागते.”

आज मी जे बोलणार आहे ते या वहीतूनच निघाले आहे. विषय आहे खेड्यातल्या अपंग माणसापर्यंत लस कशी पोचेल, हा. सरकारी कागदात आता ‘दिव्यांग’ हा शब्द आहे. ज्या माणसांबरोबर मी काम केले ती स्वतःला ‘अपंग’ म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरणार आहे. या शब्दात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. कमीपणा आहे तो आपल्या व्यवस्थेत.

एका माणसापासून सुरुवात करतो. नाव सांगत नाही. जन्म १९८० चा, आपल्याच डोंगरातल्या एका वाडीवरचा. दोन वर्षांचा असताना ताप आला, ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय गेले होते. पोलिओ. आता हिशेब पाहा. आपल्या देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला १९७८ साली. पोलिओची लस त्यात आली १९७९ साली. म्हणजे हे मूल जन्मले तेव्हा लस देशात होती, कार्यक्रमातही होती. पण तो कार्यक्रम मुख्यतः शहरांपुरता राहिला. सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली सुरू झाले आणि सगळ्या जिल्ह्यांत पोचायला १९९० उजाडले. मधल्या काळात डोंगरातल्या पोराने काय करायचे? ती वाडी नर्सबाईंच्याच हद्दीतली. त्या मला म्हणाल्या होत्या, “त्याच्या वेळेला माझ्या पेटीत पोलिओचा डोस येतच नव्हता.” हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. चूक त्यांची नव्हती, तरी त्यांनी ती आपल्या नावावर लावून घेतली होती.

आता २०२१ सालात या. १६ जानेवारीला देशात कोरोनाचे लसीकरण सुरू झाले. आधी आरोग्य कर्मचारी, मग आघाडीवर काम करणारे, १ मार्चपासून साठीच्या वरचे आणि ४५ ते ५९ वयाचे ठरावीक आजार असलेले. त्या वीस आजारांच्या यादीत शेवटचा क्रमांक अपंगत्वाचा होता. त्यातही सगळे अपंग नव्हते. बौद्धिक अपंगत्व, स्नायूंचा ऱ्हास, बहुविकलांगता, ज्यांना सतत दुसऱ्याच्या आधाराची गरज लागते असे, आणि श्वसनसंस्थेला इजा झालेले ॲसिडहल्ल्याचे बळी. आपला माणूस ४१ वर्षांचा, पायाने अधू. तो या यादीत बसत नव्हता. १८ ते ४४ वयाचा गट १ मेपासून खुला झाला, तोही आधी फोनवरून नोंदणी करून वेळ घेणाऱ्यांसाठी. वाडीवर रेंज नाही. शहरातली तरणी मुले मोटारी काढून आपल्या गावच्या केंद्रावर येऊन टोचून गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मे महिन्याच्या मध्यावर लसच कमी पडली आणि आपल्या राज्याला या वयाचे लसीकरण थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले जूनमध्ये.

जुलैत तो माणूस माझ्या केंद्रावर आला. त्याच्याकडे तीनचाकी आहे, शिबिरात मिळालेली. ती गोठ्यात उभी असते, कारण वाडीची पायवाट तीनचाकीची नाही. धाकट्या भावाने त्याला पाठुंगळी घेऊन सडकेपर्यंत आणले. दोघांचा रोज बुडाला. तिथून पुढे जीप भाड्याने. आमच्या केंद्राला तीन पायऱ्या आहेत. बाजूला उतार बांधलेला आहे, पण त्या दिवशी त्यावर मोटारसायकली लावलेल्या होत्या, त्यातली एक आमच्याच कर्मचाऱ्याची. भाऊ रांगेत उभा राहिला, हा बाहेर चिंचेखाली बसला. साडेअकराला डोस संपले. दोघे परत गेले. मी आत होतो. मला हे कळले संध्याकाळी, आशाताईंनी सांगितले तेव्हा. त्या केंद्राचा प्रमुख मी होतो. तो उतार मोकळा ठेवणे माझे काम होते, आणि मी ते केले नव्हते.

ही एका माणसाची गोष्ट झाली. अशी किती माणसे आहेत? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, त्यातले १ कोटी ८६ लाख खेड्यांत. महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक. ही गणना जुन्या कायद्याच्या काळातली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, तेव्हा खरा आकडा मोठाच असणार. यातल्या किती जणांना लस मिळाली? जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, नोंदणी करताना ज्यांनी आपण होऊन अपंगत्वाचे ओळखपत्र किंवा दाखला दाखवला, अशांना १३ जानेवारीपर्यंत २३,६७८ डोस दिले गेले. तोपर्यंत देशात दीडशे कोटींहून अधिक डोस झाले होते. याचा अर्थ एवढ्याच अपंगांना लस मिळाली असा कुणी काढू नये. पुष्कळांनी आधार कार्ड दाखवून लस घेतली असेल. अर्थ एवढाच की, कोण राहिले हे सांगण्याची सोय आपण ठेवलीच नव्हती. दीडशे कोटींची नोंद झाली. नर्सबाईंची वही मात्र कुणी उघडली नाही.

याची किंमत काय असते ते इंग्लंडच्या आकडेवारीत दिसते, कारण तिथे अशी नोंद ठेवली गेली. २०२० च्या जानेवारी अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत तिथे कोरोनाने जे मृत्यू झाले, त्यांतल्या दर दहांपैकी सहाच्या आसपास माणसे अपंग होती. लोकसंख्येतला त्यांचा वाटा होता सुमारे १७ टक्के. ज्याला आंघोळ घालायला, भरवायला, उचलायला दुसरा माणूस लागतो, त्याने सहा फुटांचे अंतर कसे पाळायचे? ज्याला हाताने चाचपून जग कळते, त्याला ‘कशाला हात लावू नका’ हे सांगून काय उपयोग?

न्यायालयात हा विषय गेला, हे आपल्या राज्याचे भूषण आहे. वृद्ध, अपंग आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यावी म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. केंद्राचे म्हणणे होते की घरोघरी लस देणे शक्य नाही. २७ मे रोजी ‘घराजवळच्या केंद्रां’ची सूचना आली, म्हणजे समाजमंदिरात, शाळेत, पंचायतीत लसीकरण. जूनच्या शेवटी राज्य सरकारने घरी जाऊन लस देण्याची तयारी न्यायालयात दाखवली आणि जुलै संपता संपता मुंबईत काम सुरू झाले. २३ सप्टेंबरला केंद्राने देशभर अपंगांना आणि हालचाल करू न शकणाऱ्यांना घरी लस देण्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहीम आली. पहिल्या डोसापासून घरच्या डोसाच्या देशव्यापी घोषणेपर्यंत आठ महिने गेले आणि त्यांत दुसरी लाट येऊन गेली.

घरी लस देण्याला जे आक्षेप घेतले गेले ते खोटे नव्हते. मी डॉक्टर आहे, मला त्यांची जाणीव आहे. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची. थंडावा २ ते ८ अंशांत राखायचा. टोचल्यावर अर्धा तास माणसाला नजरेखाली ठेवायचे, क्वचित कुणाला गंभीर रिॲक्शन आली तर इंजेक्शन तयार हवे. एका घरात एक अपंग, पुढचे घर दोन डोंगरांपलीकडे. मग नऊ डोस वाया घालवायचे का?

पण हे सगळे प्रश्न समोर बसलेल्या आरोग्यसेविकांना नवीन होते का? बीसीजीची आणि गोवराची कुपी एकदा विरघळवली की तीही चार तासांतच संपवावी लागते. दहा बाळे कशी जमवायची, कुपी कधी फोडायची, हा हिशेब या बाया वर्षानुवर्षे अंगणवाडीच्या पडवीत करत आल्या आहेत. रिॲक्शनचे किट त्यांच्या पिशवीत असतेच. बर्फाचे चार पॅक घातलेली निळी पेटी खांद्याला लावून ओढे ओलांडणे हे त्यांचे रोजचे काम आहे. कौशल्य गावात होते. ते मोठ्या माणसांसाठी वापरायचे कुणाला सुचले नाही, इतकेच.

शेवटी ते आम्हाला कसे सुचले ते सांगतो. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर आम्ही त्या माणसाच्या वाडीवर जायचे ठरवले. आशाताईंनी यादी केली. जागचे हलू न शकणारे चार जण निघाले : भावाच्या पाठुंगळी आलेला तो माणूस, एक अंध आजी, लकवा मारलेले एक गृहस्थ आणि बौद्धिक अपंगत्व असलेली एकोणीस वर्षांची मुलगी. चार माणसे आणि दहाची कुपी. आमच्या आरोग्यसेविका म्हणाल्या, “सर, आपण यांच्या घरी लस द्यायला जायला नको. यांच्या घरी सत्र लावू.” मला आधी फरक कळला नाही. फरक मोठा होता. त्यांनी वाडीत निरोप पाठवला की, बुधवारी लसीकरण त्या माणसाच्या सोप्यात आहे, ज्यांची राहिली असेल त्यांनी तिथे यावे. वाडीत राहिलेले पुष्कळ होते. रोज बुडतो म्हणून खाली न आलेल्या बाया, जनावरांमागे असणारे, एक गरोदर बाई, मुंबईहून परतलेले दोन माथाडी कामगार.

सकाळी आठला आम्ही निघालो, दीड तास चढलो. सोपा शेणाने सारवलेला, कोपऱ्यात पेटी ठेवली. पहिला डोस घरमालकाला. मग तो तिथेच भिंतीला टेकून बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाचे आधार कार्ड बघून नाव वहीत लिहू लागला. तो सातवी शिकला आहे, अक्षर सुंदर. अर्धा तास कुणाचा झाला, कुणाचा व्हायचा आहे, हेही तोच सांगत होता. अंध आजींना आरोग्यसेविकेने सुई कुठे टोचणार ते आधी दंडावर बोट ठेवून दाखवले. त्या मुलीला चाळीस मिनिटे लागली. आधी तिच्या आईला तिच्यासमोर टोचले, मग सिरिंजचे रिकामे नळकांडे तिच्या हातात दिले, तिने आईच्या दंडावर दोनदा टोचल्याचे केले, आणि मग तिने आपला हात पुढे केला. कुणी तिला धरले नाही. दोन कुप्या फोडल्या, एकोणीस जणांना लस झाली. एक डोस वाया गेला.

उतरताना तो माणूस मला जे म्हणाला ते मी विसरू शकत नाही. “डाक्टर, माझ्या लहानपणी बी लस खालीच व्हती. वर न्हाय आली.” एवढेच. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण चाळीस वर्षांत त्याच्या बाबतीत आपण एकच चूक दोनदा केली होती. पहिल्या वेळी तिच्यामुळे त्याचे पाय गेले, दुसऱ्या वेळी जीव जाऊ शकला असता. ८४ दिवसांनी दुसऱ्या डोसासाठी आम्ही पुन्हा त्याच सोप्यात गेलो.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. अपंग माणसाला केंद्रापर्यंत आणण्याची उपकारासारखी सोय करण्यापेक्षा त्याचे घर हेच केंद्र करा. मग कुपी वाया जात नाही, बाकीच्या वाडीचीही पायपीट वाचते, आणि जो आजवर सगळ्यांच्या शेवटी होता त्याच्या दारात गाव येते.

हे आपल्याला जमणारे आहे, कारण आपण ते एकदा केले आहे. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला. आधी बूथ, आणि पुढे काही वर्षांनी बूथच्या दुसऱ्या दिवसापासून घरोघर. मुलाच्या करंगळीला शाईची खूण, घराच्या भिंतीवर खडूने अक्षर : ज्या घरातली सगळी मुले झाली त्यावर ‘पी’, ज्यातले एकही राहिले असेल त्यावर ‘एक्स’. मग त्या ‘एक्स’च्या घरांवर पुन्हा, आणि पुन्हा. एसटी स्टँडवर, ऊसतोडीच्या तळावर, वीटभट्टीवर पथके उभी असायची. त्या मोहिमेत अधिकारी आम्हाला पहिला प्रश्न ‘किती झाले’ असा विचारत नसत, ‘एक्स किती’ असा विचारत. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालात हावडा जिल्ह्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ज्या पद्धतीने पुढच्या पिढीचे पाय वाचले, ती पद्धत ज्यांचे पाय वाचले नाहीत त्यांच्यासाठी आपण वापरली नाही. हे मला सर्वात जास्त लागते.

कोरोना मागे पडला म्हणून हा प्रश्न संपलेला नाही. अपंगत्व असलेल्या बाळांची परिस्थिती पाहा. सेरेब्रल पाल्सी असलेले, फिट येणारे मूल अंगणवाडीत आणले की शेजारी म्हणतात, आधीच अशक्त आहे, कशाला टोचता? कधीकधी आमचेच लोक भीतीने ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात. तो पुढचा महिना येत नाही. ज्याची तब्येत स्थिर आहे, फिट औषधाने आटोक्यात आहे, अशा मुलाला नेहमीच्या लसी नाकारायचे कारण नाही. शंका असेल तर डॉक्टरला विचारावे, पण मूल सोडून देऊ नये. उलट त्याला गोवर झाला, न्यूमोनिया झाला, तर तो इतर मुलांपेक्षा जास्त जड जातो.

प्रत्येक अपंगत्वाची अडचण वेगळी आहे. बहिऱ्या माणसाला नाव पुकारलेले ऐकू येत नाही, आणि मास्कमागचे ओठ दिसत नाहीत. त्याच्यासाठी पाटीवर नंबर लिहा. अंधाला स्क्रीनवरची वेडीवाकडी अक्षरे वाचता येत नाहीत. नोंदणीच्या संकेतस्थळावरच्या या अडचणीची दखल ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाला घ्यावी लागली. अपंग बाईला तीन तास थांबवले तर तिला जाता येईल असे स्वच्छतागृह केंद्रात नसते, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. आणि ज्याच्याबरोबर काळजी घेणारा माणूस येतो, त्या माणसालाही त्याच वेळी लस द्या. तो आजारी पडला तर दोघांचेही हाल होतात.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या कायद्याचे कलम २५ सांगते की, अपंगांना जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा मिळावी, सरकारी दवाखान्याच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना जाता यावे, आणि उपचारात प्राधान्य मिळावे. कलम ८ आपत्तीच्या काळात त्यांना समान संरक्षण देते. पैशांचीही सोय आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. त्यासाठी पंचायतीकडे अपंगांची नोंद असायला हवी. ती आणि आशाताईंची वही एकत्र ठेवली की अर्धे काम झाले. त्या निधीतून जीपचे भाडे देता येते, केंद्राचा उतार दुरुस्त करता येतो.

म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना, सरपंचांना आणि तुम्हा सगळ्यांना माझी मागणी आहे. वाडीवार यादी करा, आणि तीत नाव घालायला दाखल्याची अट घालू नका. दाखला मिळायला जिल्ह्याला खेटे घालावे लागतात, ते ज्याला जमत नाही त्यालाच तर आपण शोधतो आहोत. वर्षातून काही सत्रे अपंगांच्या सोप्यात लावा. केंद्राचा उतार मोकळा ठेवा. लसीकरणाच्या नोंदीत अपंगत्वाचा रकाना असू द्या. मासिक सभेत ‘किती झाले’ याच्या आधी ‘कोण राहिले’ हे विचारा. आणि या कामाचा मोबदला आशाताईंना वेळेवर द्या. डोंगर चढायचा तो त्यांनीच.

नर्सबाईंची ती वही त्यांच्या मुलीने आता या वाचनालयाला दिली आहे. ती कपाटात ठेवून तिच्यावर हार घालू नका. तशीच एक कोरी वही आज मी आणली आहे. ती दाराशी टेबलावर आहे, शेजारी पेन आहे. तुमच्या वाडीत, आळीत, भावकीत जे कोणी घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांची नावे जाताना तीत लिहा. पुढच्या महिन्याच्या लसीकरण सत्रापूर्वी ती वही आशाताईंच्या हातात असेल.